दुसरा ब्रेक

मुओनियो, ४ सप्टेंबर

बाबा,

हे पत्र मी जूनपासून पुढे ढकलतेय. पहिला कागद घेतला, त्यावर एका जर्मन पाहुण्याला तळ्याकडची वाट काढून दिली, तो कागद तोच घेऊन गेला. मग दलदलीतली पिवळी बोरं पिकली, त्यांच्यामागून ब्लूबेरी. बोरं वेचून कंबर इतकी मोडते की पेन धरवत नाही, असं मी स्वतःला रोज सांगायचे आणि त्याच हातांनी पत्ते पिसायचे. तेव्हा कारणं पुरे झाली. धीर होत नव्हता, एवढंच.

नाताळच्या कार्डावर पत्ता नव्हता. तो विसरले नव्हते. आता पाकिटाच्या मागे घातलाय. घर सोडल्यापासून आधी सुओनेनयोकीत स्ट्रॉबेरी तोडली, मग नॉर्वेत मासे साफ केले, मग पर्यटकांच्या लाकडी खोल्यांमधल्या चादरी बदलल्या. एप्रिलपासून इथे हमरस्त्यावरच्या कॅफेत आहे. सकाळी वेलचीचे पाव भाजायचे, दुपारी सामन माशाचं सूप, आणि दिवसभर पाहुण्यांचा एकच प्रश्न, रेनडिअर कुठे दिसतील. रेनडिअर बाहेर त्यांच्याच गाडीला टेकून उभे असतात, तरी विचारतात.

बघा, भरकटले. मुद्दा असा की मी गाडी शिकतेय. पुन्हा.

झालं असं की जुलैत एक म्हातारे गृहस्थ सूप पिता पिता छातीला हात लावून बसले. मालकीण गावात गेली होती. दारात तिची दुसरी गाडी, भिंतीला किल्ली. मी किल्ली काढली आणि तशीच उभी राहिले. त्यांची बायको माझ्याकडे बघत होती. "तुला येत नाही का चालवता?" तिने विचारलं. मी म्हटलं, येतं. आणि उभीच. शेवटी डिझेल भरायला थांबलेल्या ट्रकवाल्याने त्यांना उचलून नेलं. ते वाचले. पुढच्या आठवड्यात पुन्हा सूप प्यायला आले आणि माझ्याशी फार चांगले वागले, ते मला सहन झालं नाही.

म्हणून गाडी शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. शिकवणाऱ्या राइयाबाई आहेत, साठी उलटलेल्या, तोंडात कायम ती ज्येष्ठमधाची खारट काळी गोळी. पहिल्याच तासाला त्यांनी मला स्टिअरिंगपाशी बसवलं, आणि किल्ली फिरवायच्या आधीच मी वाकून त्यांच्या पायाखाली बघायला लागले. त्यांनी ते बघितलं. मग म्हणाल्या, "हे बघ पोरी, माझ्या पायाखाली पण एक ब्रेक आहे. तो मी दाबला तर तोंडाने सांगेन. न सांगता एकदाही दाबणार नाही. चाळीस वर्षं हाच नियम आहे माझा."

मी रडायला लागले. इतकं की त्यांनी मला एक गोळी दिली. रडताना हीच खावी म्हणाल्या, गोड गोळीची चव बिघडते.

तुम्हाला हे सगळं वाचायचंय की नाही, ठाऊक नाही. लिहिते मात्र.

वेन्ला


मुओनियो, २० सप्टेंबर

बाबा,

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. पण टपालाची गाडी थांबली की दारात पहिली मीच असते.

शिकवणीचे पाच तास झाले. क्लच जमतो, चढावर गाडी मागे जात नाही. एक खोड मात्र आहे. रस्त्याकडेला टपालपेट्यांची रांग दिसली की मी गाडी थांबवते. तिथे कुणी नसलं तरी. पूर्ण थांबवते, दोन्हीकडे बघते, मग निघते. पहिले दोन दिवस राइयाबाई काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुझी बरीच पत्रं यायची राहिलीत वाटतं."

मग सांगितलं त्यांना. सगळं नाही. शेजारचे काका गाडीखाली आले, मी सतरा वर्षांची होते आणि चालवत होते, बाबा शेजारी बसून शिकवत होते, एवढं. "म्हणजे कायद्याने बाप चालक," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, कायद्याने. त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली आणि पुढे जा अशी मान हलवली.

कायद्याचं मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. तुम्ही शिकवायचा परवाना काढलात आणि त्याच्यासाठी आपल्या निळ्या गाडीला शेजारच्या बाजूने दुसरा ब्रेक बसवावा लागला, एवढंच मला माहीत. तो बसवला शेजारच्या त्याच काउकोकाकांनी. दोन दिवस गाडीखाली पडून होते. गॅरेज बंद केल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं, नुसते खुश होते. पायाने दाबून बघितला, बाहेर आले, हात पुसले आणि तुम्हाला म्हणाले, "दोन ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकच. योउनी, ही गाडी नाही राहिली, हे लग्न झालं."

हेल्वीकाकू थर्मास घेऊन मागेच उभ्या होत्या. "एकेचाळीस वर्षं दोन्ही ब्रेक मीच दाबतेय," त्या म्हणाल्या. तुम्ही हसलात. तुम्हाला मोठ्याने हसताना मी शेवटचं कधी बघितलं असं कुणी विचारलं तर मी तो दिवस सांगेन.

आता जे लिहायचंय त्याच्याकडे येते. येतेय. मध्ये एक गिऱ्हाईक आलं होतं.

तुमचा पाय मांजरासारखा यायचा, बाबा. बावीस वर्षं शाळेची पोरं टॅक्सीतून ने-आण केलीत, गाडीला ओरखडा नाही. तुम्हाला राहवायचं नाही. वळण आलं, समोरून ट्रक आला, कुत्रं दिसलं की तुम्ही खिडकीतून बाहेर बघत शीळ घालायचात आणि खाली हळूच ब्रेक दाबायचात. माझ्या पायाखालचा ब्रेक आपसूक खाली जायचा. मला वाटायचं मीच दाबला. तीन महिने मी स्वतःवर खुश होते. मग कुह्मोच्या चौकात गाडी अलगद थांबली आणि मी खाली बघितलं तर माझा पाय अजून हवेतच होता.

त्या दिवशी घरी येऊन मी किती बोलले. मला काही येतच नाही, सगळं तुम्हीच करता, मला हसता. तुम्ही बटाटे सोलत होतात. मी म्हटलं, तुम्ही पाय लावायचा नाही, नाहीतर मी शिकत नाही. तुम्ही म्हणालात, "बरं. नाही लावणार."

त्यानंतरचे सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे लिहायलाही लाज वाटते. गाडी माझं ऐकत होती. दुकानासमोर दोन गाड्यांच्या मध्ये मी एका दमात गाडी लावली आणि तुम्ही उतरून चाकापासून कडेपर्यंतचं अंतर वितीने मोजलंत. काही बोलला नाहीत, पण मोजलंत.

सातव्या दिवशी सकाळी चर्चचा उतार, मार्चचा सूर्य बर्फावरून थेट डोळ्यांत. टपालपेट्या. काका पेपर घ्यायला आलेले, त्यांच्या त्या पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून, बर्फाच्या ढिगाआडून. सूर्य समोर होता. पोलिसांनाही मी हेच सांगितलं, तुम्ही तिथेच होतात.

सूप उतू जातंय. थांबते.

वेन्ला


मुओनियो, १२ ऑक्टोबर

बाबा,

कार्ड मिळालं. "तिकडे बर्फ लवकर पडतो. जपून." चार-पाच शब्द, खाली सहीसुद्धा नाही. मालकीण म्हणाली, हा कोण, हवामान खात्याचा माणूस का? मी म्हटलं, बाबा. मग ती म्हणाली की तिच्या वडिलांनी तिला लग्नाच्या दिवशी फक्त टायरमधली हवा बघितली का एवढं विचारलं होतं. कार्ड स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे लावलंय.

तुमचं बरोबर होतं, बर्फ आलाच. परवा राइयाबाईंनी मला मुद्दाम तासाला बाहेर काढलं. पाल्लासकडचा रस्ता, दोन्हीकडे खुजी बर्चची झाडं, आणि वळणावरून अचानक रेनडिअरचा कळप. तेरा-चौदा असतील. एक पिल्लू रस्त्याच्या मधोमध. गाडी थोडी तिरकी झाली, चाकं कुरकुरली, आणि थांबली. पिल्लापासून दोन हात अंतर राहिलं असेल. त्याने आमच्याकडे बघितलं आणि रस्त्यावरच लघवी केली.

मी विचारलं, तुम्ही दाबलात ना?

"मी नाही दाबला."

मी म्हटलं, खरं सांगा. त्यांनी पाय उचलून दाखवले. दोन्ही बूट सीटच्या कडेला टेकवलेले. "अगं मी घाबरून पाय वर घेतले," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कुणाला सांगू नकोस, शाळा बंद पडेल." मग गंभीर होऊन म्हणाल्या, तू थांबवलीस, वेन्ला.

मला आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही, थोडा. मग परतीच्या वाटेवर मला एकदम तुमचे बूट आठवले, आणि मी गाडी बाजूला घेतली आणि उरलेला रस्ता गाडी त्यांनीच चालवली.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खाल्ल्या. आता लिहिते.

एक तुमचे बूट. तुम्ही शब्द दिलात त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना म्हणालात, "पोरी, मी शब्द दिलाय, पण माझा पाय माझं ऐकत नाही." आणि मी म्हटलं, मग बूट काढून मागे ठेवा. मी चेष्टेत म्हटलं असतं तर बरं होतं, मी चेष्टेत म्हटलं नव्हतं. तुम्ही खरंच काढलेत. सहा दिवस तुम्ही आजीने विणलेले ते करडे लोकरी मोजे घालून, पाय दुमडून माझ्या शेजारी बसलात. सातव्या दिवशीही.

दुसरी गोष्ट. सूर्य होता, पण मला काका दिसले होते. त्यांची लाल टोपी मला ढिगाच्या वर आधीच दिसली होती. ते रस्त्यावर आले तेव्हा माझा पाय ब्रेकवर गेला. बाबा, तो ब्रेकवर होता. आणि तिथे तो वाट बघत राहिला. तीन महिने असं काही समोर आलं की ब्रेक आपणहून खाली जायचा, माझ्या पायाला तीच सवय. मी तुमची वाट बघत होते आणि तुम्ही शब्द पाळत होतात. किती वेळ? "एक" म्हणायला लागतो तेवढा.

त्यानंतरचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्ही मोज्यांवर बर्फातून धावलात, कोट काढून त्यांच्या अंगावर घातलात. मी स्टिअरिंग धरून बसले होते, काच थोडी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. काका म्हणाले, "योउनी, तुझे बूट कुठायत?" नऊ दिवसांनी ओउलूच्या दवाखान्यात ते गेले.

पोलिसांना तुम्ही सांगितलंत, बूट ओले झाले म्हणून काढले होते, ब्रेकवरून मोजा घसरला. बूट मागच्या सीटवर होते, कोरडे. मी त्यांच्याकडे बघत होते आणि गप्प होते. पुढे कोर्टातही तेच. तुमचं लायसन्स गेलं, टॅक्सी गेली, आणि गावात "मोजे घालून शिकवणारा" हे नाव पडलं. दुकानात पोरं तुमच्या पायांकडे बघायची. घरी तुम्ही एका शब्दाने मला बोलला नाहीत. एकदा जरी बोलला असतात तर मी राहिले असते, असं मी नॉर्वेत सगळ्यांना सांगत फिरायचे. ते खोटं आहे. मी तशीही गेले असते. अठरा पूर्ण झाली त्याच्या तिसऱ्याच दिवशी शाळेचं दप्तर तसंच टाकून गेले, कारण तुम्ही सकाळी लाकूडगिरणीत कामाला निघालात आणि दारात बूट घालताना माझ्याकडे पाठ करून उभे राहिलात. मला बूट दिसू नयेत म्हणून. तेवढंही सांभाळत होतात.

मला हेल्वीकाकूंना खरं सांगायचंय. तुमची हरकत असेल तर कळवा. तीन आठवडे थांबते.

वेन्ला


मुओनियो, ५ नोव्हेंबर, संतांचा शनिवार

बाबा,

मी थांबले नाही.

एकोणीस दिवस थांबले, मग काकूंना पत्र टाकलं, सोमवारी. आणि तुमचं कार्ड काल आलं. "हेल्वीला काही लिहू नकोस. झालं ते माझ्याकडे राहू दे." तुमच्याकडून आलेलं हे सगळ्यात लांब पत्र आहे आणि ते उशिरा आलं, की मी लवकर निघाले. माझं नेहमीचंच. पोस्टात जाऊन विचारलं, पत्र परत मिळेल का. बाईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी एक तिकीट विकत घेऊन बाहेर आले.

रागावला असाल. मला तुमचा राग ओळखता येत नाही, हीच अडचण आहे. तुम्ही रागावलात की लाकडं फोडता, खुश असलात तरी लाकडंच फोडता.

काकूंना काय लिहिलं ते सांगते, म्हणजे त्या दारात आल्या तर तुम्हाला ठाऊक असावं. बुटांचं सगळं लिहिलं. शब्द मी मागितला होता, बूट मी काढायला लावले, लाल टोपी मला दिसली होती. पाय घसरला नव्हता, बाबांनी पाय उचललाच नाही कारण त्यांनी मला वचन दिलं होतं. शेवटी क्षमा वगैरे लिहिलं होतं, ते खोडलं. फुकटचं वाटलं. मग खोडलेलं दिसतंय म्हणून पूर्ण कागद पुन्हा लिहिला, आणि तेवढ्यात बस चुकली आणि मला पोस्टापर्यंत सहा किलोमीटर चालावं लागलं. दर किलोमीटरला मी परत फिरणार होते.

काकांना पुरल्यावर कॉफीला सगळे जमले तेव्हा, चर्चच्या सभागृहात, काकू सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाल्या ते मी विसरलेले नाही. "मोज्यांवर बसला होतास, योउनी. घरच्या कोचावर बसल्यासारखा." त्यांनी तुमचं नाव घेतलं ते तेव्हा शेवटचं. त्यानंतर तुम्ही "तो पलीकडचा" झालात. तुम्ही त्यांच्या अंगणातला बर्फ पहाटे काढायचात आणि त्या तो फावड्याने परत ढकलायच्या, मी खिडकीतून बघितलंय. आणि त्या सभागृहात केकची बशी हातात धरून मी तुमच्या बाजूला उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी केक खाल्ला.

आज सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावत होतं. इथेही, दुसरीकडे पुरलेल्यांसाठी एक वेगळा दगड असतो ना, तिथे मी काकांसाठी एक लावली. माझ्या शेजारी एक माणूस चार लावत होता, त्याच्या काडेपेटीतल्या काड्या संपल्या, मी माझी दिली. "तुझं कोण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, शेजारी. तो म्हणाला, शेजाऱ्यासाठी कुणी एवढ्या लांबून लावत नाही.

परीक्षा तेवीसला आहे, कित्तिलाला. राइयाबाई म्हणतात मी तयार आहे. टपालपेट्यांपाशी आता मी थांबत नाही, वेग कमी करते. बघते आणि जाते.

तुम्ही पुन्हा काही लिहिणार नाही असं वाटतंय. ठीक आहे. मी लिहीत राहीन.

वेन्ला


मुओनियो, २३ नोव्हेंबर

बाबा,

पास झाले.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण तुम्हाला तपशील लागतो. परीक्षक तरुण होता, सर्दी झालेली. एका चौकात एक बाई पोराची ढकलगाडी घेऊन कडेला उभी होती, जायचं की नाही ठरत नव्हतं तिचं. मी थांबले. ती जाईना. मी हाताने खूण केली, तरी जाईना. मागचा हॉर्न वाजवायला लागला. पूर्वीची मी असते तर घाबरून काहीतरी केलं असतं. मी थांबून राहिले, जितका वेळ लागला तितका. ती गेली, मग मी निघाले. परीक्षक नाक शिंकरत म्हणाला, "घाई नाही वाटतं तुम्हाला." मी म्हटलं, नाही.

त्याने कागद दिला. त्याच्यावर आता चालक म्हणून माझं नाव आहे, आजपासून, जे होईल ते माझं. राइयाबाई पार्किंगमध्ये वाट बघत होत्या. त्यांनी एक अख्खी पुडी काळ्या गोळ्यांची दिली आणि म्हणाल्या, संपल्यावर दुकानातून घे, माझ्याकडे येऊ नकोस. मग मला मिठीत धरलं. ऐंशी किलोमीटर मी एकटी आले, मालकिणीने कालच तिथे नेऊन ठेवलेल्या तिच्या गाडीतून. त्या गाडीला शेजारी काही नाही, नुसती रिकामी जागा. अर्ध्या वाटेवर मला रडू आलं, तर मी नीट बाजूला घेऊन, दिवे लावून रडले. कुणाला तरी ते दाखवायचं होतं, की बघा, बाजूला घेऊन.

तुमच्याकडून एकोणीस दिवस काही नाही. काकूंकडूनही नाही. मी ठरवून टाकलं होतं की दोघांनीही माझं पत्र चुलीत घातलं. तसं झालं असतं तर मी तक्रार केली नसती. तुमच्याकडून तुमची एकुलती एक गोष्ट मी काढून घेतली, असं मला रोज वाटतं. तुम्ही ते ओझं माझ्यासाठी उचललंत, आणि मी विचारल्यासारखं करून न विचारता ते रस्त्यात उतरवून ठेवलं. पण बाबा, ते माझं होतं. माझं

मध्येच थांबले होते. अक्षर बिघडलंय, सांभाळून घ्या.

तीनची बस आली. एरवी या दिवसांत तिच्यातून कुणी उतरत नाही. मी काचेतून बघितलं, एक म्हातारी बाई, करडा कोट, डोक्यावर विणलेली टोपी, हातात एक छोटी पिशवी. ड्रायव्हरने तिला हात धरून उतरवलं आणि तिने त्याचा हात झटकला. त्यावरून ओळखलं.

हेल्वीकाकू आल्यात. एकट्या. परवा निघाल्या होत्या, ओउलूला बहिणीकडे राहिल्या, रोवानिएमीला बस बदलली. पंच्याहत्तर वर्षांच्या, कुह्मोच्या पलीकडे दवाखान्याशिवाय कधी गेल्या नाहीत. आत आल्या, माझ्याकडे बघितलं, खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या. मी सूप दिलं. त्यांनी ते सगळं संपवलं, पावाने बशी पुसली. मालकीण पुढे होऊन कोण पाहुण्या विचारायला लागली, मी तिला हातानेच थांबवलं.

मग त्यांनी पिशवीतून माझं पत्र काढलं. घड्या घालून घालून चिरलंय. टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "त्याला टोपी मी विणली होती. लाल. उठून दिसावा म्हणून."

मला वाटलं आता त्या मला मारतील, आणि मला ते हवं होतं. त्यांनी पत्राची घडी पुन्हा नीट घातली. बाहेर अंधारून आलं होतं. त्यांनी कोट काढलेला नाही, टोपीही नाही. राहणार की जाणार, मला माहीत नाही, आज परतीची बस नाही. मी त्यांच्यासमोर बसून हा कागद पुढे ओढला, कारण मला दुसरं काही सुचेना.

"कुणाला लिहितेस?"

मी म्हटलं, बाबांना.

त्या खिडकीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"योउनीला लिही, हेल्वी इथे आलीये. पुढचं काय ते मला अजून ठाऊक नाही म्हणावं."

तसंच लिहिते, बाबा. योउनी म्हणाल्या त्या.